मऊ चपला

३ डिसेंबर

चि. धाकट्या,

तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे ताई आणि जावई ठीक आहेत. थंडी वाढली आहे. तू पाठवलेला चपलांचा दुसरा जोड मिळाला. अक्षर वेडंवाकडं दिसेल, पेन नीट चालत नाही. तीन दिवस थांबत थांबत लिहिते आहे.

ताई तुला फोनवर एवढंच सांगते की आईला चक्कर येते. म्हणून माझा जिना बंद, बाजार बंद. घराची किल्लीही काढून घेतली. आंघोळीला गेले की ही दाराबाहेर उभी. दर दोन मिनिटांनी, "आई, आहेस ना?" नसायला जाणार कुठे, नळातून? शिवाय सकाळ-संध्याकाळ चक्करीची गोळी. त्या गोळीने मी सत्तर वर्षांत झोपले नव्हते तेवढी दोन महिन्यांत झोपले.

आता नीट वाच. मला चक्कर आलेली नाही. कधीच नाही.

ऑक्टोबरात मी जिन्यावरून पडले. पेन ठीक आहे, उजवं मनगट मोडलं होतं. हे तुला सांगायचं नाही अशी ताईला मीच शपथ घातली. तू धावत आला असतास आणि पहिलं हेच विचारलं असतंस की पायात काय होतं. जोडे करणाऱ्याचा मुलगा दुसरं काय विचारणार?

पायात तू बनवून पाठवलेल्या चपला होत्या. बोटभर जाड, स्पंजासारख्या मऊ, मागे पट्टा नाही. खोक्यावर लिहिलेलं, 'ज्येष्ठांसाठी खास'. उतरताना टाच सुटली, पुढचा भाग पायरीच्या कडेवर दुमडला आणि मी चार पायऱ्या खाली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशा पडलात?" तोंडातून निघून गेलं, "चक्कर आली." तुझं नाव झाकायला तेवढं पुरलं.

चौतीस वर्षं मी तुझ्या बाबांशेजारी बसून जोडे शिवले. मला कळत नाही का? तळ पातळ आणि घट्ट हवा, म्हणजे पायाला जमीन कळते. टाच रुंद आणि बसकी हवी, मागून पाऊल धरलेलं हवं, वर बांधायला बंद हवेत. म्हातारा पाय आधीच कमी ऐकतो आणि तू त्याच्याखाली गादी घालतोस! बाबा असते तर त्यांनी तो तळ हातात दुमडून पाहिला असता आणि मग तुझ्याकडे नुसतं बघितलं असतं. तुलाही हे सगळं कळतं. मऊ वस्तू पटकन खपते, हेही कळतं.

तरी मी गप्पच बसले असते. पण खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. मला बघायला आल्या तेव्हा दाराशी तुझ्या चपला दिसल्या. "किती मऊ! कुठे मिळाल्या?" मी तुझ्या दुकानाचा पत्ता दिला. हात प्लॅस्टरमध्ये होता, तरी दिला. मागच्या महिन्यात बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्या चपलांत अडखळल्या. खुबा मोडला.

ताईबरोबर दवाखान्यात भेटायला गेले. बाई म्हणतात कशा, "तुमच्या मुलाच्या चपला छानच आहेत हो. माझाच पाय चुकला."

मी म्हटलं, "पाय नाही चुकला, बाई. चप्पल चुकली. मीही त्याच घालून पडले."

"आणि तरी मला पत्ता दिलात?"

मी हो म्हटलं, माफी मागितली. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मागे ताई उभी होती, तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दोन जोड पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. आधी तुझ्या चपला घालून त्यांच्यासमोर चालले, मग बाबांनी केलेले बंदांचे जोडे घालून. ते म्हणाले, "आजी, या दोन वेगळ्या बायका चालताहेत." गोळ्या बंद केल्या. किल्ली परत मिळाली. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते तिचं बरोबरच आहे.

तू पाठवलेला नवा जोड कात्रीने उभा चिरलाय. डाव्या हाताने, अर्धा तास लागला. सोबत परत पाठवते आहे. आत काय भरलंस ते स्वतःच बघ.

सोमवारी पहिल्या बसने दुकानात येते. एकटी. घ्यायला येऊ नकोस. त्या चपला फळीवरून उतरलेल्या असल्या तर आपण शेजारी बसू. माझ्या हाताला अजून टाका ओढवत नाही, पण मी सांगेन तसा तू शिव. उतरलेल्या नसल्या तर दारात खुर्ची टाकून बसेन आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हे मनगट दाखवेन. म्हणशील, "आई, धंदा बसेल." बसू दे. माणसं पडण्यापेक्षा बरं.

आणि बाईंना भेटायला जा. माझी माफी मी मागितली, तुझी तू माग. मी सोबत येणार नाही.

मुलाला अनेक आशीर्वाद. दुकानदाराला सोमवारपर्यंत एकही नाही.

तुझी,
आई