मोजलेल्या गोळ्या

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू हं-हं करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. वर्ष झालं, घराकडे फिरकला नाहीस. छापखाना तुझ्यावाचून बंद पडतो की काय? आई म्हणते, तिचे गुडघे कुरकुर तरी करतात, पोरगा तेवढंही करत नाही.

माझं दवाखान्यातलं काम झकास चाललंय. एचआयव्हीच्या पेशंटना गोळ्या द्यायच्या, चुकवू नका म्हणून बजावायचं आणि डबीत किती उरल्या ते मोजायचं. माझ्या खिडकीला सगळे टरकून असतात. परवा एकाला अस्सा पकडला! उंच इमारती रंगवणारा माणूस. मोजणी दर महिन्याला चोख, पण रक्तात विषाणू वाढलेला. भर रांगेत विचारलं, की गोळ्या गटारातच टाकायच्या तर इथे येता कशाला? कानापर्यंत लाल झाला. मागच्या दोघी हसल्या, मलाही हसू आवरेना. डबी तिथेच ठेवून निघून गेला. जाईल कुठे? झक मारत येईल.

तू मात्र झक न मारता ये. लोभ आहे तेवढा पुरत नाही, थोडा वाढव.

तुझी,
चिमणी


११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत, छापखान्याच्या मागच्या जिन्यावर वाचलं. आईच्या गुडघ्यांचं वाक्य वाचून हसलो. पुढचं वाचवेना.

तुझा रंगारी येणार नाही, चिमणे. मला ठाऊक आहे, कारण मीही परत गेलो नाही.

मला एचआयव्ही आहे. चार वर्षं झाली. तीन वर्षं गोळ्या नेमाने घेतल्या, ठणठणीत होतो. मग खोलीत कामावरचा एकजण राहायला आला आणि त्याच्यादेखत डबी उघडायची चोरी झाली. एका महिन्यात अकरा गोळ्या चुकल्या. खिडकीवरच्या बाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, की घरच्यांची तरी लाज बाळगा. तू आणि आई डोळ्यांपुढे उभ्या राहिलात. मान खाली घालून निघालो, त्याला दहा महिने झाले.

आता ताप हटत नाही. पट्ट्याला नवी भोकं पाडलीत. हे तोंड घेऊन आईसमोर कसा येऊ? तिला सांगू नकोस. तुझ्यावर राग नाही, माझीच मला शरम वाटते.

चुकलंमाकलं पोटात घाल. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

इतके दिवस लिहायला हात धजला नाही. पत्र वाचून पहिल्यांदा काय सुचलं, ते तुला सांगितलंच पाहिजे. गेल्या खेपेला तू माझ्या कपातला चहा प्यायलास, ते आठवलं. उष्ट्याने हा आजार होत नाही, असं दिवसातून दहादा सांगणारी मी, आणि माझाच हात ओठांशी गेला. दादा, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रंगाऱ्याच्या घरी जाता येत नाही, शेजाऱ्यांना संशय येतो. फोन केले. चार वेळा उचलला नाही. पाचव्यांदा उचलला तेव्हा समजावणं राहिलं बाजूला, मला रडूच फुटलं. माझं चुकलं, एवढंच कसंबसं म्हटलं. मग तो म्हणाला, की गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी डोकं गरगरतं, आणि बाराव्या मजल्याच्या परांचीवर गरगरून कसं चालेल? कामाच्या दिवसांत गोळी चुकवायचा आणि मला घाबरून उरलेल्या फेकायचा. दोन वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नाही, की गोळीने त्रास होतो का. नुसती मोजत बसले.

मंगळवारी आला. दार लावून आत बसवलं, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. कशाला बघेल?

तू जा, दादा. त्या खिडकीवर नको असेल तर दुसरीकडे जा, पण जा. एवढं केलंस तर मला माफ केलंस असं समजेन. आईला सांगितलेलं नाही.

ओरडून घेतलेला मान नको, तुझा लोभ मात्र हवा.

तुझी,
चिमणी


२ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

सोमवारी दवाखान्याच्या फाटकावरून परत फिरलो. बुधवारी आत गेलो. खिडकीवर त्याच बाई होत्या, त्यांनी मला ओळखलंही नाही. दहा महिने ज्यांना घाबरलो, त्यांच्या लक्षात मी नव्हतोच.

तापाचं औषध दिलंय, छातीचा फोटो काढलाय, रक्त घेतलंय. तपासण्या आल्या की गोळ्या पुन्हा सुरू. उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले, पण वेळ गेलेली नाही असंही म्हणाले. बरं वाटलं की घरी येईन आणि आईला मीच सांगेन.

बाईंनी नवा कागद भरायला दिला. त्यात विचारलं होतं, की तुमच्या आजाराबद्दल घरात कोणाला माहीत आहे? चार वर्षांपूर्वी तिथे मी रेघ मारली होती. या वेळी पेन उघडून बराच वेळ बसलो. मग लिहिलं, धाकटी बहीण.

आहेस तशीच माझी राहा.

तुझा,
दादा