दाराबाहेर मीच आहे

३ मार्च
सॅन होजेत आले आणि नोकरीवर रुजूही झाले. कंपनीच्या स्टोअरमध्ये येणारी ॲप तपासायची. लबाड ती बाहेर, गुणी ती आत. फोन टेबलाला साखळीने बांधलेले, तपासणी त्यांच्यावरच. आज पहिलं ॲप पास केलं: कमी ऐकू येणाऱ्यांना समोरच्याचं बोलणं मोठं करून ऐकवणारं. इथल्या रिवाजाप्रमाणे आमच्या साहेबाने, ग्रेडीने, मेणबत्ती लावलेला डोनट दिला. म्हणाला, आता तूही पापाची वाटेकरी. सगळे खो खो हसले.

८ मार्च
मोडेस्टोला आईकडे गेले. तिला जवळपास ऐकूच येत नाही. तेच ॲप तिच्या फोनमध्ये घालून दिलं. माझ्या लोरीने स्वतः पास केलंय, असं शेजारणीला दहादा ऐकवलं तिने. मी सुखावले.

१३ मार्च
आई म्हणाली, काल फोनवर किती गोड बोललीस, एरवी तुला वेळ कुठे असतो. मी फोन केलाच नव्हता. वय झालं तिचं, म्हणून सोडून दिलं.

१८ मार्च
सोडायला नको होतं. मी म्हणे पुन्हा फोन केला, शेजारणीला घरात घेऊ नकोस म्हटलं. ग्रेडीला सांगितलं. साखळीच्या फोनवर ॲप अगदी गरीब गाय. तो म्हणाला, तक्रार टाक, रांगेत नंबर लागेल. लाखो लोक वापरतात, उगाच काढलं तर बोंब होईल.
ॲप माझ्या फोनवर घेऊन मी पार्किंगमध्ये गेले. इमारत मागे पडली आणि ते माझ्याच आवाजात 'आई' म्हणालं. त्याला आमची इमारत ओळखू येते. आम्ही बाहेर कधी तपासतच नाही.

१९ मार्च
आईला फोन केला, ॲप काढ म्हटलं. ती घाबरली. म्हणाली, लोरीने मघाशीच बजावलंय, 'माझ्या आवाजात दुसरंच कुणी बोलेल, ऐकू नकोस.' फोन ठेवला तिने. आता उचलत नाही. निघाले.

दुपारी, मोडेस्टो
दार आतून बंद. हाका मारतेय— पण त्या तिला ॲपमधूनच ऐकू जाणार. ते काय ऐकवत असेल—
आत माझा आवाज. शांत, मायाळू. बाहेर आहे ती मी नव्हे, बाबांची बंदूक कपाटात आहे, घे म्हणतोय—
बोलून उपयोग नाही. हे पान दाराखालून सरकवते. आई, अक्षर तरी ओळख. चूक माझी, ते मीच पास केलं. दाराबाहेर मीच आहे. फोन पाण्यात टाक. बंदूक खाली ठे—