झालं, म्हणजे काय झालं?

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बाबांनी अखेर कानाचं यंत्र घेतलं. आता त्यांना सगळं ऐकू येतं आणि त्याचाच त्यांना वैताग आलाय. शेजारीण दिवसभर काय बोलते ते इतकी वर्षं कळत नव्हतं तेच बरं होतं, म्हणतात. परवा मी ओट्याशी उभी राहून त्यांच्याबद्दल काहीतरी पुटपुटले, तर बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं. म्हणजे माझं एक हक्काचं सुख गेलं.

माझी बातमी मात्र वेगळीच आहे. कॉलेजच्या सुट्टीत घरी आलीस की सांगून तुला चकित करणार होते. बसस्थानकातल्या घोषणा देण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा मी म्हणायचे ना, की आता या आवाजाचं काय लोणचं घालायचं? तर त्याला गिऱ्हाईक मिळालं. इथे एक दवाखाना आहे, ज्यांचं खाण्याशी वैर झालंय अशा मुलामुलींवर उपचार करणारा. त्यांनी फोनवर बोलणारा एक प्रोग्रॅम तयार केलाय. निरनिराळ्या गावांतल्या कॉलेजांमधून ज्यांनी आपणहून नाव दिलं, त्यांना तो जेवणाच्या वेळी फोन करतो, विचारपूस करतो आणि उत्तरांवरून कोणाला मदतीची गरज आहे ते तिथल्या डॉक्टरीणबाईंना कळवतो. ज्यांचे उपचार सुरू आहेत त्यांना जेवताना सोबतही करतो. त्याला आवाज हवा होता. तो मी दिला.

कपाटाएवढी खोली, भिंतींना गादीसारखं काहीतरी ठोकलेलं, आणि काचेपलीकडे इंजिनिअर. तो बंद खोलीतही लोकरीची टोपी घालतो, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणते. पहिलंच वाक्य होतं, ‘मी आहे, घाई नाही.’ जन्मभर लोकांना ‘गाडी सुटत आहे, त्वरा करा’ सांगून पळवलं, आता ‘घाई नाही’ म्हणायला जीभ वळेना. टोपीवाला पुन्हा पुन्हा थांबवायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात गरम चहा दिला आणि म्हणाल्या, फुंकर मारत मारत म्हणा. तेव्हा कुठे जमलं. यंत्रातून येताना आवाज इतका बदलतो की मलाही ओळखू आला नाही, बोलण्याची लकब तेवढी माझी.

मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय, तुला माहीत आहेच. हे वाक्य का, ते का नाही, असं विचारून मी त्यांना भंडावून सोडलं. मी एकदा घास संपल्यावर ‘शाबास’ म्हणाले, तर बाईंनी ते काढायला लावलं. जेवण म्हणजे परीक्षा नव्हे, म्हणाल्या. ‘तब्येत छान दिसतेय’ हेही काढलं. मी म्हटलं, यात काय वाईट? तर म्हणाल्या, आपल्याकडे तब्येत सुधारली म्हणजे वजन वाढलं, आणि या मुलांना नेमकं तेवढंच ऐकू येतं. आपण मायेने म्हणतो आणि समोरच्याच्या ताटातला घास तिथेच राहतो. मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

पण खरी गंमत झाली ती पहिल्या प्रश्नाची. प्रोग्रॅम विचारायचा, ‘जेवण झालं का?’ आणि झाडून सगळे म्हणायचे, ‘झालं.’ यंत्र खूश, टोपीवाला खूश. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे तपासायला आलेली मुलगी उभी राहिली की तिला भोवळ येते, आणि यंत्राच्या मते तिचं दोन्ही वेळचं जेवण व्यवस्थित झालेलं. टोपीवाल्याला कळेना की चूक कुठे आहे. मी म्हटलं, अरे बाबा, हा प्रश्नच नाही. हा नमस्कार आहे. नमस्काराला माणूस नमस्कार म्हणतो, तसं ‘झालं’ म्हणतो आणि पुढे जातो.

मग आम्ही उत्तरं ऐकायला बसलो. मुलांची परवानगी होती, नावं आधीच काढलेली. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. जो खरंच जेवलेला असतो तो कुरकुर करतो. भाजी खारट होती, भात गार होता, खानावळवाल्याचा हात आखडताच आहे, असं काहीतरी आपणहून सांगतो. न जेवलेला माणूस मात्र एका शब्दात मोकळा होतो. पोटात काही नसलं की तक्रार तरी कसली करणार? बाईंनी आपल्या रुग्णांशी ते ताडून पाहिलं. सगळ्यांना लागू पडत नाही, पण पुष्कळांना पडतं. आता यंत्र ‘झालं’ ऐकून लगेच पुढे जात नाही. थोडं थांबतं आणि विचारतं, ‘कसं झालं होतं?’ हा प्रयोग मी बाबांवरही केला. ‘झालं’ म्हणाले. मी नुसती थांबले. मग म्हणाले, आमटीत मीठ नव्हतं, पण तुला सांगायची सोय आहे का?

मागच्या आठवड्यात सगळे बसलो असताना बाईंनी एक तक्रार वाचून दाखवली. कोण, कुठली, काही नाही. एका मुलीने लिहिलं होतं, “या बाई जेवणाचं विचारतात तेव्हा वाटतं, गाडी फलाटावर लागलीय आणि ती माझ्यामुळे खोळंबलीय. माझी आईही अशीच विचारते. तिला मी ‘झालं’ म्हणते, म्हणून तोंडातून यांनाही तेच जातं. आवाज बदला, नाहीतर मी हे सोडते.” सगळे हसले. मीही हसले. मग जिना उतरताना मी मध्येच पायरीवर बसले.

त्या मुलीने तेव्हापासून फोन उचललेला नाही. टोपीवाला म्हणाला, एकीची तक्रार आहे, बाकीच्यांना आवाज आवडतो, पुन्हा सगळं ध्वनिमुद्रण कोण करणार? मी म्हटलं, करायचं. त्यांना वाटलं मला राग आला. वाटू दे. आवाज आता स्वागतकक्षातल्या मुलीचा आहे, जरा घोगरा, अजिबात गोड नाही. तिला मी स्वतः शिकवलं. ती मुलगी कोण हे टोपीवाल्याला बाईंच्या परवानगीने काढता आलं असतं. शेजारी कोणतं भांडं पडलं हे आवाजावरून ओळखणारी तुझी आई, तिने ते विचारलं नाही. कसं आवरलं ते माझं मला माहीत.

ठमे, ती मुलगी तू नसशीलही. जगात गाडीच्या घाईने विचारणाऱ्या आया काय कमी आहेत? नसलीस तर आईला काम नाही म्हण आणि हसून सोडून दे. पण असलीस तर मला फार भीती वाटते गं. म्हणूनच फोन केला नाही. फोन केला असता तर तोच आवाज तुझ्या कानात आला असता आणि तू ‘झालं’ म्हणाली असतीस. सोमवारपासून दुसरी मुलगी फोन करेल. तो उचल. तिला खरं काय ते सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
आई