अडलं तर दत्ताला विचारा

गुरुवार, संत तुकाराम नगर

आज ते काम एकदाचं उरकलं, पण जेवण काही गोड लागलं नाही.

चाकणच्या कंपनीत सुट्या भागांच्या मापांचा हिशेब करायला दत्ता आणि मी संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरसाठी आमच्या आम्हीच कमांड लिहायचो. त्या कशा वापरायच्या हे सांगणारी मदतीची पानं लिहायचा मात्र दोघांनाही कंटाळा. शेवटी दत्तानेच जुगाड केला. कमांडच्या माथ्यावर चार ओळी लिहायच्या, की पान आपोआप तयार. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ: ‘अडलं तर दत्ताला विचारा’. पुढे त्याच्या घरचा नंबर.

दत्ता दिवाळीआधी गेला. पानं अजून लोकांना त्याच्याकडेच धाडतात.

केतकी, आमची नवी इंजिनिअर, आज म्हणाली, “अण्णा, पोरं फोन लावतात आणि काकू उचलतात. काल म्हणाल्या, ‘हे असते तर लगेच सांगितलं असतं रे.’ बरं दिसतं का हे? तुमचं नाव घाला ना.”

घातलं. एकाच जागी बदललं आणि सगळ्या पानांवरून दत्ता गेला. इतकं सोपं कशाला करून ठेवलंस रे?

मग त्याचीच एक कमांड चालवून पाहिली, तर उत्तर पटेना. असं का येतं, ते त्यालाच ठाऊक. सवयीने पान उघडलं, तळाशी गेलो.

‘अडलं तर अण्णांना विचारा.’

अण्णा इथंच बसलाय, गड्या. त्यालाच अडलंय.