घरच्या माणसाला कसली रजा

पौड रस्ता, पुणे
कोजागिरीचा दुसरा दिवस, २००६

प्रिय इंद्रजित,

तुझा निरोप मिळाला. भाऊबिजेला मुळशीला ये, दुसऱ्या दिवशी पौडला जाऊन ते कागदाचं काम उरकून टाकू म्हणालास. कागदाचं मी शेवटी लिहिते. फोन केला असता तर माझा आवाज चढला असता नि तू नेहमीसारखा मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. आशीर्वादही शेवटीच, उरले तर.

नवरात्रात मी मुळशीला तुझ्या रिसॉर्टवर आले तेव्हा तू नव्हतास. चुलीपुढे कुणी परकाच गडी भाकऱ्या करपवत बसला होता. रत्नाबाई कुठे विचारलं तर सगळे इकडेतिकडे बघायला लागले. तुझी लेक किमया तेवढी म्हणाली, आत्याला पप्पांनी काढलं. पोरगी मला हेमाआत्या म्हणते आणि तिला नुसतंच आत्या, हे कधी लक्षात आलंय तुझ्या?

मी तशीच रत्नाबाईच्या घरी गेले, तिच्याकडून सगळं कळलं. श्रावणात तिचा भाऊ भैरू कासारसाईला वारला, दहावा नेमका रविवारी आला. तिने एक दिवसाची रजा मागितली आणि तू म्हणालास, "पावसाळ्यातला रविवार हाय, पुण्याची गर्दी येनार. दहाव्याला मेलेला काय बघाय येतोय व्हय?" लाज नाही वाटली, इंद्रजित? ती गेली, जायलाच हवं होतं. सोमवारी परत आली तर तू तिला फाटकातूनच माघारी लावलंस, वर महिन्याचा पगारही अडकवलास. केलेल्या कामाचे पैसे दाबून ठेवणं याला शिस्त म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

आणि हीच तुझी मानलेली बहीण! दर भाऊबिजेला ऐटीत पाटावर बसून तिच्याकडून ओवाळून घ्यायचास, साडी द्यायचास आणि लगेच तिला चुलीकडे पिटाळायचास, कारण दिवाळीची गर्दी. कासारसाईला जायला तिला एकदाही मिळालं नाही. आठवड्याची सुट्टी मागितली की तुझं ठरलेलं, "घरच्या मानसाला कसली रजा?" आठवड्याची सुट्टी, वर्षाची भरपगारी रजा हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं. तू हसायचास, तुम्हा नोकरदारांचं बरंय ताई. हो, बरंय! आप्पा गेले तेव्हा ऑफिसने मला पगारी रजा दिली, म्हणून तेरावं होईपर्यंत मला घरी राहता आलं. त्या दिवसांत आल्यागेल्याला पिठलंभात कोण वाढत होतं?

रत्नाबाई मला म्हणाली, "ताई, मालकाला ववाळता ववाळता सख्खा भाऊ राहून ग्येला. दर साली वाट बघायचा वो." ती रडली नाही. मी रडले, आणि मग मला तुझा असा राग आला की तू समोर असतास तर लहानपणासारखा कान पिळला असता.

आता कागदाचं. हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. खरं तर करणार होते. भावाला जमीन सोडायची रीत आईनेही पाळली. पण आप्पांच्या माघारी सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, तुझं रिसॉर्ट उभं आहे ती निम्मी जमीन माझी आहे. म्हणजे रत्नाबाईची मालकीण मीही, आणि तिचं देणं माझ्याही अंगावर आहे. भाऊबिजेच्या आत तिचा पगार तिच्या हातात दे, दहाव्याचा दिवस धरून. कामावर परत बोलव, यायचं की नाही ते ती ठरवेल. नाहीतर कामगार कार्यालयात तिच्या अर्जावर साक्षीदार म्हणून मी सही करीन. भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. यंदा रत्नाबाई तिच्या अंगणात तशीच उभी राहणार आहे. मी ताट घेऊन तुझ्यासमोर यायचं की तिच्या शेजारी उभं राहायचं, ते आता तू ठरव.

अजून तरी तुझीच,
हेमाताई