रेवाबरोबर, केप टाउनहून वर

शुक्र. ५ सप्टें., इल्फर्ड, घरी

सॅक भरली, उपसली, पुन्हा भरली. मेतकूट बसलं, भाजणी राहिली. ट्रिप खरं तर लेकीची, रेवाची, आणि तिच्या कार्डिफच्या मैत्रिणीची. ट्रकमधून आफ्रिका, रोज तंबू ठोकायचा. मैत्रीण ऐन वेळी गळाली. म. म्हणाला, "तू जा, माझी पाठ जमिनीवर झोपायची नाही." नवऱ्याला पाठ आहे हे अशा वेळीच कळतं.

रेवा नुसतं "ओके" म्हणाली. मार्चमध्ये कार्डिफच्या शाळेतली नोकरी सोडून घरी आली, तेव्हापासून तिचं बोलणं एवढंच. गणित शिकवायची. मुलांची लाडकी होती. का सोडलं, एक अक्षर नाही. वरची खोली आणि ती. काल जेवताना अट घातली: "आई, तिथे मला शाळेचं विचारायचं नाही. प्रॉमिस?"

दिलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी दिलं.

ठाण्याहून वन्संचा फोन. "पितृपक्षात कुठे निघालीस गं जंगलात?" म्हटलं, पितर इल्फर्डलाच येणार, वाढायला म. आहे.

रवि. ७, केप टाउनच्या उत्तरेला, डोंगरात

ट्रक म्हणजे खरोखरचा ट्रक. चढताना गुडघा बोलला. आम्ही अठराजण, सगळ्या देशांचे. टेम्बा गाईड, स्वयंपाकही त्याचाच. बाकी कामं पाळीपाळीने.

तंबू उभा केला. रेवा दांड्यांवर, मी खुंट्यांवर. डावीकडे कलला, पण उभा आहे.

भांडी मात्र बघवत नाहीत. एका टबात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. अठरा जणांचं खरकटं त्याच दोन टबांत, आणि मग ताटल्या हवेत हलवून वाळवायच्या! फडकंसुद्धा नाही. सगळी मंडळी खुशाल वारा घालत उभी. सगळे शेकोटीकडे गेल्यावर ताटल्या गुपचूप कॅम्पच्या नळाखाली धुऊन आणल्या. आपलं आपल्यापाशी.

मंगळ. ९, ऑरेंज नदी

काल वाटेत फुलंच फुलं. केशरी, पांढरी, नजर पोचेल तिथवर. रेवा खाली उतरून त्यात आडवी झाली. किती महिन्यांनी पाहिली अशी.

आज न्यूझीलंडच्या ग्रेगने तिला सहज विचारलं, काय करतेस? "नथिंग ॲट द मोमेंट," आणि खिडकीकडे तोंड. मी तोंड आवरलं. तिकडे शाळा सुरू झाल्याचा आठवडा. तिला ते कळत नसेल का? कळत असणारच.

दुपारी दोघी होडीत. मी वल्हं उलटं धरलं, गोल गोल फिरत राहिलो. हसली! मोठ्याने!

परतल्यावर टेम्बा पुढच्या मुक्कामांच्या सूचना देत होता. मी ओले मोजे पिळत होते. नळाखाली ताटल्या आजही केल्या.

गुरु. ११, सेसरीम

वाळूची टेकडी. मी निम्म्यात बसले, रेवा माथ्यावर. वरून हात केला. खाली आली तेव्हा केसांत, कानांत वाळू. तिथे अगदी ओठांवर आलं होतं, बाळा, झालं तरी काय गं? खजुराचा डबा पुढे केला.

शुक्र. १२, वाळवंटात, मोकळ्यावर

तोंड दाखवायला जागा नाही.

इथे नळ नाही, संडास नाही, काही नाही. दुपारच्या जेवणाच्या ताटल्या मग ट्रकच्या टाकीवर घेतल्या. धार सोडली, एकेक ताटली, वर पातेलीसुद्धा. आजचा स्वयंपाक, उद्याचा चहा, सगळं त्याच टाकीवर होतं. टाकीला हात लावू नका, मंगळवारच्या सूचना याच होत्या, आणि मी मोजे पिळत होते. संध्याकाळी टेम्बाने तोटी फिरवली, थेंब नाही. पिण्याचे कॅन वेगळे होते म्हणून वाचलो.

"कोणी वापरलं?" आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. मी हात वर केला. "का?"

तीस वर्षं केमिस्टच्या काउंटरमागे इंग्रजी बोलतेय, पण एक शब्द सुचेना. तुमचं उष्टं मला चालत नाही, हे कसं सांगू? सगळ्यांना घाणेरडं म्हटल्यासारखं. सगळे बघतायत.

रेवा उठली. दोन ताटल्या आणि चमचा घेतला, मधोमध उभी राहिली. "राइट. सगळे इथून दिसतंय ना?" मग स्वच्छ इंग्रजीत: आई तुम्हाला घाणेरडे म्हणत नाहीये. आमच्या घरी तोंडात गेलेला चमचा परत भांड्यात जात नाही. माझा गेला तरी ओरडते, मी पोटची पोर असून. ग्रेग म्हणाला, मग एक बिअर दोघांत चालत नाही? सगळे हसले. "गुड क्वेश्चन," म्हणून तिने त्याच्याकडे बोट केलं आणि चमच्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

असं ती कार्डिफला शिकवत असणार. मी कधी पाहिलंच नव्हतं.

टेम्बाही शेवटी हसला. पाण्यावाचून रात्री ब्रेड-चीज; शिक्षा म्हणून त्या ताटल्या मी एकटीने वाळूने घासायच्या. आजोळी राखेने घासल्यात, त्यात काय.

तंबूत आल्यावर तिनेच काढलं. मी विचारलं नव्हतं.

"आई, शाळेत माझा आवाज यायचा नाही. वर्गात उभी राहायची, तोंड उघडायची, काहीच नाही. मुलं पहिले हसली. मग घाबरली."

एवढं सहा महिने एकटीने... मी रडले, तिच्यासमोरच. मग म्हटलं, "आज आला ना?"

"आज आला. पण हे ग्रोन-अप्स आहेत, आई. इयर नाइनची मुलं नाहीत."

तरी तिचा हात माझ्या हातात होता.

शनि. १३, स्वाकोपमुंड

गाव, समुद्र, दाट धुकं. गरम पाण्याची अंघोळ! केकच्या दुकानात बसलोय. फोनला रेंज आली तशी रेवा बराच वेळ काहीतरी वाचत बसली. मग "एक कॉल करते" म्हणून बाहेर.

मला वाटलं बाबाला. म.ला मेसेज टाकला, रेवाचा फोन आलाय का? "नाही. का?"

मग कोणाला? शाळेला? मैत्रिणीला? डॉक्टरला? जाऊन उभी राहिले तर कळेल. उठले होते, पुन्हा बसले.

काचेतून दिसतेय. टोपी कानांपर्यंत ओढलीय, धुक्यात पुढे जाते, परत फिरते. ऐकू काहीच येत नाही. मोकळा हात सारखा हलतोय, समोरच्याला काहीतरी पटवून देत असावी.

कॉफी आली, केक आला. तिची कॉफी निवली, दुसरी सांगितली.

अजून बोलतेय.