गुडघ्यांचं अ‍ॅप

३ जानेवारी

नोकरी सोडली. आजपासून मी स्वतंत्र डेव्हलपर. मॅनेजर म्हणाला, विचार कर. मी म्हणालो, विचार करायला वेळ मिळावा म्हणूनच सोडतोय. (हे जिन्यात सुचलं. पण चेहऱ्यावर हाच भाव होता.)

पहिलं अ‍ॅप बायकोसाठी. ती फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचे पेशंट घरी गेले की व्यायाम टाळतात, नाहीतर भराभर उरकतात. तिला एवढंच हवंय : एक मोठं बटण. दाबलं की अ‍ॅपनं सावकाश आकडे म्हणायचे, तोवर पेशंटनं पाय उचलून धरायचा. किरकोळ काम. आठवड्यात देतो म्हटलं.

१४ जानेवारी

बटण अजून नाही. आधी पाया पक्का हवा. अ‍ॅप ज्याच्यावर उभं करत होतो तो फ्रेमवर्क म्हणे जुना झाला. कालपर्यंत नवा होता! या इंडस्ट्रीपेक्षा दूध जास्त टिकतं. नव्यात पहिल्यापासून लिहायला घेतलंय. बायकोनं विचारलं, बटण कुठपर्यंत आलं? तिला आर्किटेक्चर समजावून सांगितलं. मधेच ती कपडे वाळत घालायला उठली. विषय जड आहे, तिचा दोष नाही.

२ फेब्रुवारी

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बऱ्या होईपर्यंत आमच्याकडेच राहणार. फार वाईट वाटलं. पण घरातच टेस्टर मिळाला. (हे बायकोसमोर बोलायला नको होतं.)

११ फेब्रुवारी

पहिली चाचणी. अ‍ॅप उघडल्यावर आधी लॉगिन. पासवर्डमध्ये एक आकडा आणि एक चिन्ह सक्तीचं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, गुडघा माझाच आहे, त्याला माझी ओळख पटवावी लागत नाही. सिक्युरिटीबद्दल या पिढीला काही वाटतच नाही.

शेवटी बटण दाबलं. त्यांनी पाय उचलला. तेवढ्यात स्क्रीनवर 'अपडेट होत आहे'. त्या विचारतायत, ठेवू का खाली? मी म्हणतोय, थोडं थांबा, होतंच आहे. पाय थरथरायला लागला. बायको आतून आली, पाय हातात घेऊन खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोष इंटरनेटचा.

२६ फेब्रुवारी

अ‍ॅप स्टोअरनं नाकारलं. कारण : 'अ‍ॅपचा मूळ उपयोग स्पष्ट होत नाही.' एकटा माणूस जीव ओतून काहीतरी बनवतो आणि ते नाकारणारा माणूस आहे की मशीन, हेही कळत नाही! मी रागावून मोठं पत्र लिहिलं. उत्तर त्याच क्षणी आलं. म्हणजे मशीनच.

टकल्याला फोन केला. जुन्या ऑफिसात शेजारी बसायचा. म्हणाला, लॉगिन काढ, बटण ठेव, बाकी उडव. टकल्याला व्हिजन कधी नव्हतंच. त्याचं प्रमोशन झालंय.

१७ मार्च

लॉगिन ठेवलं. डार्क मोड टाकला. अप्रतिम दिसतो. फोनवाल्यांनी सिस्टिम बदलली आणि अ‍ॅपचा आवाजच गेला. आता ते आकडे मनातल्या मनात म्हणतं. माझी काय चूक? आधी जमीन विकायची आणि घर बांधून झालं की जमीनच सरकवायची, असा हा धंदा.

५ एप्रिल

सासूबाई आज काठीशिवाय गेटपर्यंत गेल्या! डोळे भरून आले. स्टोअरसाठीच्या माहितीत लिहिलं : 'प्रत्यक्ष पेशंटवर सिद्ध.' त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अहो, मी तर हिचं रेकॉर्डिंग लावते.

कसलं रेकॉर्डिंग? तर बायकोनं स्वतःच्या आवाजात आकडे म्हणून फोनवर पाठवलेत. आईला आणि तिच्या सगळ्या पेशंटना. सगळे व्यायाम करतायत.

मी भडकलो. घरातल्या घरात, मला न विचारता, स्पर्धा? ती शांतपणे म्हणाली, "आईला पाय उचलायचा होता रे. तुझं व्हायची वाट किती बघायची?"

मी म्हटलं, रेकॉर्डिंग स्केल होत नाही, लाखो लोकांपर्यंत नेता येत नाही. ती म्हणाली, बरं.

त्या 'बरं'चं उत्तर उद्या देईन.

२० एप्रिल

सासूबाई आज त्यांच्या घरी गेल्या. जिना स्वतः उतरल्या. त्यांची बॅग मी घेतली होती. पहिल्याच वळणावर कंबर धरली. बॅग त्यांनीच उचलली आणि टॅक्सीही त्यांनीच थांबवली.

आता जमिनीवर पडून लिहितोय. बायकोनं कंबर दाबून बघितली. म्हणाली, इतके दिवस खुर्चीत बसून दुसरं काय होणार. पाठीवर झोप, गुडघा छातीशी धर, आकडे होईपर्यंत सोडू नकोस. क्लिनिकला गेली. वाटेतून मला रेकॉर्डिंग पाठवलं.

लावलं. केवळ स्पर्धकाचा अभ्यास म्हणून.

आवाज कमालीचा साधा. क्वालिटी बेताची. एक. दोन. तीन. चारनंतर मागून सासूबाई मोठ्यानं काहीतरी विचारतात. बायको मोजायची थांबते आणि दबक्या आवाजात म्हणते, "हळू गं आई, तो आत काम करतोय."

मग पुन्हा : पाच.

पेन ठेवतो. गुडघ्याला दोन्ही हात लागतात.